डायनाको स्टिरिओ ७० : व्हॉल्व्ह मोजण्याच्या आणि बदलण्याच्या प्रकल्प नोंदी, परभणी

थोरल्या काकांनी अमेरिकेतली नोकरी संपवून परत येताना जे सामान आणले, त्यात डायनाको स्टिरिओ ७० हा पॉवर ॲम्प्लिफायर (स्पीकर चालवणारे यंत्र) आणि पीएएस-३ हा प्रीॲम्प्लिफायर (त्याआधी आवाजाचा संकेत वाढवणारे यंत्र) होता. गेली बावीस वर्षे दोन्ही यंत्रे माळ्यावर पडून होती. काकांना ती पुन्हा ऐकायची आहेत आणि दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले आहे. १९५९ साली बाजारात आलेल्या या ॲम्प्लिफायरमध्ये प्रत्येक बाजूला ईएल३४ ची एक जोडी, प्रत्येक बाजूला त्या जोडीला संकेत पुरवणारा एक ७१९९ आणि दोन्ही बाजूंना मिळून जीझेड३४ हा एक रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) असतो. हे सगळे व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या. त्यांत हीटरने तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे इलेक्ट्रॉन वाहतात, आणि ईएल३४ सारख्यांत मधली ग्रिड तिला दिलेल्या ऋण व्होल्टेजने, म्हणजे बायसने, हा प्रवाह आवरते. हेच काम करणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून केलेल्या चुकाही नोंदवल्या आहेत.

२ मार्च २०२५

आज फक्त पाहणी केली, वीज जोडली नाही. तळाचा पत्रा काढल्यावर धूळ, झुरळांची अंडी आणि पूर्वी कोणीतरी केलेली एक दुरुस्ती दिसली. मुख्य फिल्टर कपॅसिटरचा पहिला भाग मुळात ३० मायक्रोफॅरडचा असतो. तो निकामी झाल्यावर त्याच्या जागी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलेला होता. मोठा कपॅसिटर म्हणजे गुणगुण कमी, असा त्यामागचा हिशेब असावा. परंतु जीझेड३४ ला पहिल्या कपॅसिटरसाठी ६० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे, आणि तिच्या पलीकडे गेल्यास यंत्र चालू होताना वाहणारा प्रवाह त्याच्या कॅथोडला सोसत नाही. तो काढून ३३ मायक्रोफॅरड, ५५० व्होल्टचा लावायचे ठरवले.

चारही ईएल३४ च्या काचेवरचा गेटरचा (आत उरलेली हवा शोषणाऱ्या धातूच्या थराचा) डाग चंदेरी आहे, म्हणजे आतली निर्वात पोकळी शाबूत आहे. खोक्यात कापसात गुंडाळून ठेवलेला पाचवा, राखीव व्हॉल्व्ह मात्र दुधासारखा पांढरा पडला आहे. त्यात हवा शिरली असल्याने तो मोजण्याच्या भानगडीत पडण्याचे कारण नाही. काकांनी तो चाळीस वर्षे जपून ठेवला होता. त्यांना हे सांगताना मला थोडे वाईट वाटले.

चारही व्हॉल्व्हना क, ख, ग, घ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि सॉकेटांना डावीकडून १ ते ४ असे क्रमांक दिले. पुढच्या सगळ्या कामात सर्वांत जास्त उपयोग याच पाच मिनिटांचा झाला.

६ मार्च

हा ॲम्प्लिफायर ११७ व्होल्टचा आहे. बाजारात तयार मिळणारा २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर घेण्यापूर्वी घरातली वीज तीन दिवस मोजून काढली. संध्याकाळी सातला २१२ व्होल्ट, सकाळी २२८ आणि रात्री दोन वाजता २५१ व्होल्ट भरले. तयार ट्रान्सफॉर्मरमधून संध्याकाळी १०१ व्होल्टच मिळाले असते, म्हणजे हीटरला ६.३ ऐवजी जेमतेम ५.४. हीटरला दहा टक्क्यांहून अधिक फरक चालत नाही, आणि मी स्वतः पाच टक्क्यांच्या आत राहण्याचा प्रयत्न करतो.

म्हणून शेतातल्या पंपांच्या मोटारी भरून देणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. २१०, २३० आणि २५० अशा तीन टॅपा (घरातल्या व्होल्टेजप्रमाणे वीज जोडायच्या वेगवेगळ्या जागा) आणि बाहेर ११३ व्होल्ट, ५०० व्हीए, असे कागदावर लिहून दिले. ११७ ऐवजी ११३ मागण्याचे कारण असे की हे यंत्र ६० हर्ट्झच्या देशातून आले आहे आणि आपल्याकडे ५० हर्ट्झ आहेत. तेवढ्याच व्होल्टेजला कमी हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मरचा गाभा अधिक तापतो. कारागिराने कागद दोनदा वाचून, हा कोणत्या कंपनीच्या पंपाला लागणार आहे, असे विचारले. गाणी ऐकायला लागणार आहे हे सांगितल्यावर त्याने भाव कमी केला नाही. ३,४०० रुपये आणि सहा दिवस.

१३ मार्च

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज हळूहळू कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर, उसना आणला. आज सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवून फक्त बायसचा पुरवठा तपासायचा होता. जीझेड३४ जागेवर नसला तरी या यंत्रात बायसचे ऋण व्होल्टेज तयार होते आणि प्लेटचे व्होल्टेज मात्र येत नाही. त्यामुळे बायस तपासण्याची याहून सुरक्षित वेळ नाही. बायस नसताना प्लेटला व्होल्टेज मिळाले, तर ईएल३४ चे आयुष्य सेकंदांत मोजावे लागते.

जुना सेलेनियम रेक्टिफायर काढून १एन४००७ डायोड लावला आणि दोन्ही ५० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बदलले. येथे पहिली चूक झाली. बायस ऋण असल्याने या कपॅसिटरांचे धन टोक चॅसिसला जोडायचे असते. एक बरोबर लावला, आणि दुसरा लावताना वर्षानुवर्षांच्या सवयीने हात उलटा गेला. डिमरस्टॅट ९० वर नेताच तो फुटला आणि आतला कागद भिंतीवरच्या दिनदर्शिकेला जाऊन चिकटला. नुकसान अठरा रुपयांचे झाले, पण वास दोन दिवस गेला नाही. नवा लावल्यावर दोन्ही बाजूंचे बायस स्क्रू फिरवून उणे ३० ते उणे ५० व्होल्टपर्यंत जाते, हे पाहिले आणि दोन्ही स्क्रू सर्वांत ऋण टोकाला नेऊन ठेवले.

१५ मार्च

सगळे व्हॉल्व्ह बसवले, दोन्ही बाजूंना स्पीकरऐवजी लोड म्हणून ८ ओम, ५० वॅटचे रोधक लावले आणि वीज हळूहळू वाढवली. लोड न लावता हे यंत्र चालवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला तर येथे कोणी तो भरून देणार नाही.

या यंत्रात एका बाजूच्या दोन्ही ईएल३४ चे कॅथोड एकत्र करून एका १५.६ ओमच्या रोधकातून चॅसिसला जोडलेले असतात. त्यावर १.५६ व्होल्ट आले की प्रवाह १०० मिलिअँपिअर, म्हणजे प्रत्येकी ५० समजायचा. हे ‘समजायचे’ पुढे मला बरेच महाग पडले.

दोन्ही बाजूंना १.५६ आणले. वीस मिनिटांनी पाहिले तर उजवी बाजू १.५५ होती आणि डावी २.०४ झाली होती. मी डावीकडचा स्क्रू फिरवून ती पुन्हा १.५६ वर आणली आणि चहा घ्यायला आत गेलो. परत येऊन दिवा मालवल्यावर सॉकेट १ मधल्या ‘क’ या व्हॉल्व्हच्या प्लेटवर, शिवणीच्या कडेला, नखाएवढा अंधूक लाल डाग दिसला. चुलीतल्या राखेखाली निखारा दिसतो तसा. हीटरचा नारिंगी प्रकाश आणि हा लाल रंग यांत गल्लत होऊ शकते, पण प्लेट लाल झालेली एकदा पाहिली की पुन्हा शंका येत नाही. लगेच वीज बंद केली. रोधकावर त्या वेळीसुद्धा १.५६ व्होल्टच दिसत होते.

वहीत मी त्या रात्री लिहिले : “क खराब. चौघेही बदलावेत.” वही तशीच ठेवली आहे.

२३ मार्च

खरेदीपूर्वी चारही व्हॉल्व्ह मोजावेत म्हणून चाचणीची पेटी बांधली. भंगारातून आणलेल्या व्हॉल्व्ह रेडिओचा ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, आयआरएफ८४० हा मॉसफेट ट्रान्झिस्टर आणि झेनरांची (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या डायोडांची) रांग यांतून स्थिर २५० व्होल्ट मिळवले. ते प्लेट आणि स्क्रीन (प्लेटच्या अलीकडची दुसरी ग्रिड) दोघांना दिले. ग्रिड प्रवाह घेत नसल्याने ऋण बायससाठी २४ व्होल्टचा साधा अडॅप्टर आणि दहा फेऱ्यांचा पोटेन्शिओमीटर पुरला. कॅथोडला १० ओमचा, एक टक्का अचूकतेचा रोधक लावला, म्हणजे त्यावरचे मिलिव्होल्ट भागिले दहा म्हणजे एकूण प्रवाह. त्यात स्क्रीनचा प्रवाह मिसळलेला असतो, म्हणून स्क्रीनला वेगळा १०० ओमचा रोधक लावून तो प्रवाह वजा करायचा. खर्च १,१५० रुपये.

पहिल्या संध्याकाळी एकही आकडा स्थिर येईना. ६० दिसायचे, हात जवळ नेला की ८५ व्हायचे, आणि खोलीतला रेडिओ खरखरायचा. व्हॉल्व्ह बिघडलेला नव्हता; लांब तारांमुळे पेटीच उच्च वारंवारतेवर आंदोलन करत होती. ग्रिडच्या पिन ५ वरच, तार सोल्डर होते त्याच जागी, १ किलोओमचा रोधक बसवला आणि स्क्रीनचा १०० ओमचा रोधकही पिन ४ वर सरकवला. त्यानंतर आकडे दगडासारखे स्थिर झाले. रोधक तारेच्या दुसऱ्या टोकाला लावून उपयोग होत नाही. तोही प्रयत्न करून झाला होता.

ईएल३४ ची पिन १, म्हणजे सप्रेसर ग्रिड, पिन ८ च्या कॅथोडला बाहेरून जोडावी लागते, हेही आधी विसरलो होतो.

२५ मार्च

मोजमापाची रीत अशी ठरवली : ग्रिड उणे १६ व्होल्ट, हीटर तापायला पूर्ण पाच मिनिटे, मग प्लेटचा प्रवाह लिहायचा, त्यानंतर ग्रिड उणे १५.५ आणि उणे १६.५ करून दोन प्रवाहांतला फरक लिहायचा. तो फरक म्हणजेच त्या व्हॉल्व्हची दर व्होल्टमागे मिलिअँपिअरमधली संवाहकता. ईएल३४ च्या माहितीपत्रकात १०० मिलिअँपिअरला ती ११ दिलेली असते. मी ७० च्या आसपास मोजत असल्याने ९ मिळाली तरी पुरे.

क : ७० मिलिअँपिअर, संवाहकता ८.९. ख : ५२ आणि ७.१. ग : ४४ आणि ६.०. घ : ४१ आणि ५.८.

ज्याची प्लेट लाल झाली तोच चौघांत सर्वांत निरोगी निघाला. येथे थांबून विचार करायला हवा होता. त्याऐवजी मी स्वतःची समजूत घातली की २५० व्होल्टला चांगला वागणारा व्हॉल्व्ह ४१५ व्होल्टला बिघडत असेल, आणि ख, ग, घ तसेही थकलेले आहेतच. हातातल्या आकड्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्या लाल डागावर अधिक विश्वास ठेवला.

३० मार्च, गुढीपाडवा

नव्या ईएल३४ चा जुळवलेला चौकडा मागवला. कुरिअरसह १३,६०० रुपये.

८ एप्रिल

पार्सल आले. चारही खोक्यांवर एकच आकडा छापलेला होता. माझ्या पेटीवर मात्र ७७, ७४, ७१ आणि ६८ भरले. विक्रेत्याने कोणत्या व्होल्टेजला आणि किती वेळ तापवून जुळवले ते छापलेले नसल्याने यात फसवणूक म्हणता येत नाही, पण छापील आकड्यावर विसंबून जोड्या लावू नयेत हे खरे. ७४ चा सॉकेट १ मध्ये, ७७ चा सॉकेट २ मध्ये, उरलेले दोन उजवीकडे.

दोन्ही बाजूंना १.५६ केले. या वेळी खोलीतला दिवा मालवूनच समोर बसलो. बाविसाव्या मिनिटाला डावी बाजू १.९ वर गेली, मी पुन्हा स्क्रू फिरवून ती खाली आणली, आणि काही वेळाने सॉकेट १ मधला नवाकोरा व्हॉल्व्ह लाल झाला. तेच सॉकेट, तीच शिवणीची कड. दोन-तीन मिनिटे तो तसाच होता, कारण माझा डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. थंड झाल्यावर पेटीवर मोजला : ७४ चा ६३ झाला होता, आणि तोही दर मिनिटाला सरकत होता. साडेतीन हजारांचा व्हॉल्व्ह एका संध्याकाळी म्हातारा झाला.

दोष व्हॉल्व्हबरोबर गेला नाही, सॉकेटपाशीच राहिला. १५ मार्चलाच क आणि ख यांची अदलाबदल करून पाहिली असती, तर हे फुकटात कळले असते.

९ एप्रिल

रेल्वेने नांदेडला गेलो. तेथे ऐंशी ओलांडलेले एक जुने रेडिओ मेकॅनिक आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे आता काम येत नाही, पण हात आणि स्मरण दोन्ही शाबूत आहेत. मी मांडलेली सगळी आकडेवारी त्यांनी न बघताच बाजूला सारली.

“व्हॉल्व्ह लाल व्हायलाय म्हणून व्हॉल्व्हला कशाला मारायलास बाबा? त्याला लाल कोण करायलंय ते बघ की.” मग थोड्या वेळाने, “कंडेन्सर बघितलास का?” कपॅसिटरला ते कंडेन्सर म्हणतात.

मी म्हटले, “चाचा, कंडेन्सर काढून मीटरवर बघितले, पूर्ण उघडे दाखवतात.” हे खरे होते, आदल्या रात्री एक टोक सोडवून मल्टिमीटरच्या सर्वांत वरच्या ओमच्या पट्ट्यावर पाहिले होते.

“तुझ्या मीटरात नऊ व्होल्टचा सेल. मशीनमध्ये किती?”

एवढ्यावर मी परत निघालो. त्यांनी चहाचे पैसेसुद्धा देऊ दिले नाहीत.

१२ एप्रिल

आज जे केले ते पहिल्याच दिवशी करण्यासारखे होते. डाव्या बाजूचे दोन्ही ईएल३४ काढले आणि बाकीचे जागेवर ठेवले. भार कमी झाल्याने प्लेटचे व्होल्टेज वर जाते, म्हणून डिमरस्टॅटने ते पुन्हा ४१५ वर आणले. मग रिकाम्या सॉकेट १ आणि २ च्या पिन ५ वर व्होल्टेज मोजले. दोन्ही ग्रिडांना एकाच स्क्रूमधून बायस मिळत असल्याने आकडे सारखे यायला हवेत.

चालू केल्यावर : उणे ३८.९ आणि उणे ३९.०. दहा मिनिटांनी : उणे ३५.२ आणि उणे ३८.८. पंचवीस मिनिटांनी : उणे ३०.४ आणि उणे ३८.६.

व्हॉल्व्ह बाहेर असतानाही ग्रिडचे व्होल्टेज घसरले, त्यामुळे व्हॉल्व्हला क्लीन चिट मिळाली. व्हॉल्व्ह काढल्यावर आकडा जागेवर आला असता, तर आतल्या वायूमुळे ग्रिड प्रवाह सोडणारा व्हॉल्व्ह दोषी ठरला असता. या दोन दोषांची लक्षणे बाहेरून अगदी सारखी असतात आणि त्यांना वेगळे करायला हीच एक कसोटी लागते.

८.२ व्होल्टचा फरक २७० किलोओमच्या ग्रिड रोधकावर पडतो, म्हणजे सुमारे ३० मायक्रोअँपिअर प्रवाह ०.१ मायक्रोफॅरडच्या कपलिंग कपॅसिटरमधून (७१९९ चा संकेत ईएल३४ च्या ग्रिडला देऊन डीसी अडवणाऱ्या कपॅसिटरमधून) पाझरत होता. त्याच्या पलीकडे ७१९९ च्या प्लेटवर २९० व्होल्ट होते. हिशेब केला तर तो कपॅसिटर गरम असताना साडेदहा मेगओमच्या रोधकासारखा वागत होता. थंड असताना आणि नऊ व्होल्टला तो निर्दोष दिसायचा. माझ्या मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगओम आहे, त्यामुळे दोन्ही आकडे खऱ्यापेक्षा अडीच टक्क्यांनी कमी दिसतात, आणि त्यांतला फरकही तेवढाच कमी दिसतो, पण निष्कर्ष बदलत नाही.

आता १५ मार्चच्या १.५६ चा अर्थ लागला. डावी बाजू वाढली म्हणून मी स्क्रू फिरवला, तेव्हा दोन्ही ग्रिड सारख्याच अधिक ऋण झाल्या. चांगल्या सॉकेटातला व्हॉल्व्ह जवळजवळ उपाशी राहिला आणि पाझरणाऱ्या सॉकेटातला एकटाच जवळपास सगळा भार ओढत होता. ७८ अधिक २२ केले तरी बेरीज १०० च येते आणि रोधकावर १.५६ च दिसतात. ७८ मधून स्क्रीनचे नऊ-दहा वजा केले तरी प्लेटवर २८ वॅट पडतात. ईएल३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॅटची आहे.

१३ एप्रिल

चारही कपलिंग कपॅसिटर बदलले; तिघे आज ठीक असले तरी त्याच वयाचे आहेत. नवे पॉलिप्रॉपिलीनचे, ६३० व्होल्टचे, प्रत्येकी ६० रुपये. १३,६०० रुपयांनी न झालेले काम साठ रुपयांच्या एका कपॅसिटरने झाले.

१५.६ ओमचे दोन्ही सामाईक रोधक काढून प्रत्येक ईएल३४ च्या कॅथोडला स्वतंत्र १० ओम, एक टक्क्याचा रोधक लावला. आता ०.४५ व्होल्ट म्हणजे ४५ मिलिअँपिअर, आणि तेही नेमक्या त्याच व्हॉल्व्हचे. प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळा बायस स्क्रू देण्याचा मोह झाला होता, पण काकांचे यंत्र मूळ आराखड्यापासून आणखी दूर न्यावेसे वाटले नाही. त्याची किंमत अशी की जोडीतला फरक आता दिसतो, पण स्क्रूने मिटत नाही. तो जोड्या लावूनच मिटवावा लागतो. फरक पाच मिलिअँपिअरच्या आत असेल तर मी सोडून देतो. त्याहून जास्त झाला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून एकाच दिशेचा प्रवाह उरतो, गाभा एका बाजूला चुंबकला जातो आणि मोठ्या आवाजात खर्जाची ताकद कमी होते.

सॉकेट १ च्या कळ्या (व्हॉल्व्हच्या पिना पकडणाऱ्या पट्ट्या) उष्णतेने सैलावल्या होत्या. दातकोरणीसारख्या टोकदार पोलादी सुईने त्या हलकेच आत दाबल्या आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. या कामाआधी १० किलोओम, ५ वॅटच्या रोधकाने फिल्टर कपॅसिटर रिकामे केले, आणि व्होल्टेज शून्य झाल्याची मीटरवर खात्री केली.

२० एप्रिल

हातात ७७, ७१, ६८ चे तीन नवे आणि ७० चा जुना ‘क’ असे चार उपयोगी व्हॉल्व्ह आहेत. ७१ आणि ७० ची जोडी कागदावर सर्वांत सुंदर दिसते, पण मग दुसरी ७७ आणि ६८ ची उरते. म्हणून ७० आणि ६८ डावीकडे, ७७ आणि ७१ उजवीकडे असे वाटप केले. पेटीवर २५० व्होल्टला जुळलेले व्हॉल्व्ह ४१५ ला जुळतीलच असे नाही, विशेषतः जुना आणि नवा एकत्र असताना. प्रत्यक्षात डावीकडे ४४ आणि ४२, उजवीकडे ४६ आणि ४१ आले. उजवीकडचा फरक बरोबर माझ्या मर्यादेवर आहे. आणखी एका व्हॉल्व्हसाठी पैसे घालायची आता इच्छा नाही.

मूळ ५० मिलिअँपिअरऐवजी सरासरी ४३ वर थांबलो. बाहेर ४२ अंश तापमान आहे, काकांच्या खोलीत पंखा आहे पण कूलर दुपारीच चालतो. ४३ मधून स्क्रीनचे पाच वजा करून ४१५ व्होल्टने गुणले की पावणेसोळा वॅटच्या आसपास येतात, म्हणजे मर्यादेच्या दोन तृतीयांशाहून कमी. ५० आणि ४३ मधला फरक मला ऐकू आला नाही. ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवल्यावर मात्र कळला.

चार तास सलग चालवले. दर अर्ध्या तासाने चारही आकडे लिहिले. दुसऱ्या तासानंतर कोणताही आकडा दोन मिलिअँपिअरपेक्षा जास्त हलला नाही. रात्री एक वाजता वीज २४८ वर गेली, तेव्हा २३० च्या टॅपवर सरासरी ४७ झाली. टॅप २५० वर बदलताच ती पुन्हा ४३ वर आली. बायस मोजताना मेन्सचे, म्हणजे घरातल्या विजेचे, व्होल्टेज शेजारी लिहून ठेवले नाही, तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

२७ एप्रिल

प्रीॲम्प्लिफायरची पाळी. पीएएस-३ मध्ये चार १२एएक्स७, म्हणजेच ईसीसी८३ असतात. रेकॉर्डच्या बाजूच्या दोघांपैकी एक बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा वाजायचा.

चाचणीच्या पेटीला नऊ पिनांचे सॉकेट जोडले. ६.३ व्होल्टवर चालवायचे तर पिन ४ आणि ५ एकत्र आणि दुसरे टोक पिन ९ ला हवे. मी आधी ४ आणि ५ मध्येच ६.३ दिले आणि हीटर मंद का, याचा अर्धा तास विचार केला. २५० व्होल्ट आणि उणे २ व्होल्टला प्रत्येक अर्ध्या भागातून १.२ मिलिअँपिअर अपेक्षित असतात, म्हणजे १० ओमवर फक्त १२ मिलिव्होल्ट. मल्टिमीटरच्या सर्वांत लहान पट्ट्यावर ते व्यवस्थित वाचता येतात.

जुन्या सामानाच्या एका विक्रेत्याकडून टेलिफुंकनचे म्हणून दोन ईसीसी८३ घेतले होते, २,८०० रुपयांना. जगात जर्मनी, भारतात परभणी ही आमच्याकडची म्हण खरी ठरवण्याची हौस, दुसरे काय. टेलिफुंकनने स्वतः घडवलेल्या व्हॉल्व्हच्या काचेच्या बुडाला, पिनांच्या मधोमध, हिऱ्याच्या आकाराची उठावदार खूण असते. या दोन्हींच्या बुडाला काहीही नव्हते. नाव तेवढे छापलेले होते. मोजल्यावर एकाचे दोन अर्धे १.१ आणि ०.५ भरले. विक्रेत्याने परत घेण्यास नकार दिला.

त्याऐवजी चाचांनी फोनवर सुचवल्याप्रमाणे भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, बेंगळुरूला बनलेले, न वापरलेले दोन ईसीसी८३ त्यांच्याच डब्यातून पाचशे रुपये दराने आणले. या कंपनीने १९६१ मध्ये हॉलंडच्या फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली होती. चारही अर्धे १.१ ते १.३ च्या दरम्यान भरले. टिचकी मारल्यावर दोघांपैकी शांत असलेला पहिल्या टप्प्यात, कारण तेथे झालेला आवाज पुढे सगळीकडे वाढत जातो, आणि किंचित वाजणारा दुसऱ्या टप्प्यात बसवला.

४ मे

काकांच्या मित्रांनी, ईएल३४ च्या जागी केटी८८ हा अधिक ताकदीचा व्हॉल्व्ह का लावत नाही, असे विचारले. सॉकेटात तो बसतो. परंतु एका केटी८८ चा हीटर १.६ अँपिअर घेतो आणि ईएल३४ चा १.५, चौघांचा मिळून ०.४ अँपिअरचा जादा भार ज्या ट्रान्सफॉर्मरवर पडेल तो साठीच्या पुढचा, आणि परभणीच्या मे महिन्यात ५० हर्ट्झवर चालणारा आहे. नाही म्हणून सांगितले.

जुने ग आणि घ, म्हणजे ४४ आणि ४१ चे, एका संध्याकाळी उजवीकडे लावून पाहिले. आवाजाची पातळी मल्टिमीटरने सारखी करून काकांना आणि पुतणीला न सांगता चार वेळा अदलाबदल केली. पुतणीने दोनदा बरोबर ओळखले, काकांनी एकदा. मोजल्यावर साठ टक्के उरलेला व्हॉल्व्ह मध्यम आवाजात पूर्ण काम करतो. कमतरता स्पीकर जोरात चालवले तरच कळते. त्यामुळे ते दोन्ही फेकले नाहीत, राखीव म्हणून पांढऱ्या पडलेल्या त्या पाचव्याच्या खोक्यात गेले.

आज दुपारी वीज गेली तेव्हा घरच्या इन्व्हर्टरवर यंत्र आपोआप चालू राहिले आणि ट्रान्सफॉर्मर भुंग्यासारखा गुणगुणू लागला. आमचा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे. ॲम्प्लिफायरचा बोर्ड इन्व्हर्टरच्या वायरिंगवरून वेगळा काढून घेतला. वायरमनचे ३०० रुपये काकांनी दिले, म्हणून हिशेबात धरलेले नाहीत.

११ मे

एकूण खर्च : व्हॉल्व्हचा चौकडा १३,६००, ट्रान्सफॉर्मर ३,४००, चाचणीची पेटी १,१५०, कपॅसिटर, डायोड आणि रोधक मिळून ६२०, नांदेडच्या फेऱ्या ३००, खोटे ईसीसी८३ २,८००, खरे ईसीसी८३ १,०००. बेरीज २२,८७० रुपये. यातले २,८०० माझ्या हौसेचे, आणि १३,६०० पैकी बरेचसे उतावीळपणाचे. क आणि ख च्या जोडीने, त्यांच्यातला फरक सोसून, डावी बाजू आणि ग आणि घ च्या जोडीने उजवी बाजू या वर्षी चालली असती. काम दहा आठवडे चालले, त्यातले जवळपास चार १५ मार्चच्या निष्कर्षामागे गेले.

तळाच्या पत्र्याला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर प्रत्येक सॉकेटचा क्रमांक, व्हॉल्व्हचा पेटीवरचा आकडा, यंत्रातला प्रवाह, रिकाम्या सॉकेटवरचे ग्रिड व्होल्टेज आणि त्या वेळची मेन्स एवढे लिहिले आहे. पुढचे मोजमाप दसऱ्याला, उकाडा संपल्यावर. ६३ चा झालेला व्हॉल्व्ह नांदेडला चाचांना दिला; त्यांनी तो उजेडासमोर धरून पाहिला आणि त्यावर खडूने सॉकेटचा क्रमांक लिहायला सांगितला, व्हॉल्व्हचा नको म्हणाले.